आयएनटीजे आल्याने कोणी होम्स होतो का?

प्रश्न अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. मोबाइलवरच्या एका मोफत चाचणीत त्याचा व्यक्तिमत्त्वप्रकार ‘आयएनटीजे’ निघाला आणि शेरलॉक होम्सही त्याच प्रकारचा असल्याचे त्याला अनेक ठिकाणी वाचायला मिळाले. गर्दी नकोशी वाटणे, इकडच्यातिकडच्या गप्पांचा कंटाळा येणे, समोरच्याची चूक चटकन दिसणे आणि ती तोंडावर सांगून टाकणे, एखाद्या कामात बुडाल्यावर जेवणाचेही भान न राहणे, हे सगळे आपले होम्सशी जुळते असे त्याला वाटते. खोलीतले मित्र मात्र त्याला माणूसघाणा म्हणतात. हे साम्य खरे आहे का आणि खरे असेल तर सध्याची शाखा सोडून फॉरेन्सिककडे वळावे का, असे तो विचारतो.

थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे: होम्सविषयी तुम्हाला वाटणारी जवळीक खोटी ठरवण्याचे मला काही कारण नाही, परंतु ती सिद्ध करण्यासाठी तुम्ही जो पुरावा आणला आहे तो फार कच्चा आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घेणे, त्यांचे निकाल समजावून सांगणे आणि त्या निकालांवरून लोकांनी परस्पर काढलेले निष्कर्ष निस्तरत बसणे हे समुपदेशक म्हणून माझे नेहमीचे काम आहे. ही चार अक्षरे हल्ली महाविद्यालयांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतही राशीसारखी सांगितली जातात, आणि राशीसारखीच ती सांगणाऱ्याला हवी तशी वाकतात. म्हणून आधी त्या अक्षरांबद्दल, मग होम्सबद्दल आणि शेवटी तुमच्याबद्दल लिहितो.

कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन व अंतःप्रज्ञा अशी मनाची चार कार्ये मांडली. अमेरिकेतील कॅथरीन कुक ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी तो ग्रंथ अभ्यासला आणि त्याला आणखी एका जोडीची भर घालून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. युद्धामुळे प्रथमच कामाला लागणाऱ्या स्त्रियांना कोणते काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी, असा त्यांचा व्यावहारिक हेतू होता. तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रश्नावलीच्या कामाला लागण्याच्या कितीतरी आधी या इसाबेलबाईंनी एक रहस्यकादंबरी लिहिली होती आणि एका मासिकाच्या स्पर्धेत तिला बक्षीसही मिळाले होते. त्यामुळे गुप्तहेर आणि व्यक्तिमत्त्वप्रकार यांची गाठ चाहत्यांनी अलीकडे मारली असली, तरी ती दोन्ही वेडे एकाच बाईच्या डोक्यात फार पूर्वीच एकत्र नांदत होती.

चार अक्षरांपैकी पहिले अक्षर तुमची ऊर्जा बाहेरच्या जगाकडे वळते (‘ई’) की आतल्या (‘आय’) याविषयी असते, दुसरे माहिती समोर दिसणाऱ्या तपशिलांतून घेता (‘एस’) की त्यांच्यामागच्या शक्यतांतून (‘एन’) याविषयी, तिसरे निर्णय तर्काने घेता (‘टी’) की माणसे आणि मूल्ये यांच्या विचाराने (‘एफ’) याविषयी, आणि चौथे जगताना आखीव-रेखीवपणा आवडतो (‘जे’) की मोकळीक (‘पी’) याविषयी. या चारही ठिकाणी मोजला जातो तो कल, कुवत नाही. ‘टी’ आलेला माणूस तर्काने निर्णय घेणे पसंत करतो एवढेच ते अक्षर सांगते. त्याचा तर्क बरोबर असतो की नाही याबद्दल ते अवाक्षरही काढत नाही. तर्कशुद्ध विचार करण्याची मनापासून आवड असलेली आणि तर्कात सपशेल गंडणारी माणसे तुम्हालाही ठाऊक असतील. मूळ चाचणीचे प्रशिक्षण घेताना आम्हाला हे वारंवार बजावले जाते, आणि म्हणूनच नोकरीसाठी उमेदवार निवडायला ती वापरू नये असे तिचे प्रकाशकच सांगतात. होम्सचे वेगळेपण त्याच्या कुवतीत आहे. तुमच्या चाचणीने कुवतीला हातच लावलेला नाही, आणि तुमचे होम्सशी नाते जोडण्याची घाई तिथेच अडते.

मोजमापातही अडचणी आहेत. अंतर्मुखता आणि बहिर्मुखता हे दोन वेगळे कप्पे नसून एकच पट्टी आहे आणि बहुसंख्य माणसे तिच्या मध्याच्या आसपास असतात. मध्यरेषेच्या किंचित अलीकडचा माणूस ‘आय’ ठरतो आणि किंचित पलीकडचा ‘ई’, जरी त्या दोघांत फरक जवळपास नसला तरी. परिणामी काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यास बऱ्याच जणांचे किमान एक अक्षर तरी बदलते. त्यातून तुम्ही दिलेली मोफत चाचणी मूळ प्रश्नावली नव्हेच. अक्षरे तीच ठेवून प्रश्न आणि गुणदानाची पद्धत आपापली वापरणाऱ्या अशा अनेक चाचण्या आज उपलब्ध आहेत.

निकालाखालचे वर्णन वाचून ‘हा अगदी मीच’ असे वाटणे हाही पुरावा मानता येत नाही. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती ‘त्याचे’ व्यक्तिमत्त्ववर्णन ठेवले. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर मिळाला होता आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या बाजारू पुस्तकातून घेतलेली होती.

आता होम्सकडे येऊ. कोणता होम्स, हा पहिला प्रश्न. आर्थर कॉनन डॉयल यांचा होम्स १८८७ साली छापून आला आणि चार कादंबऱ्या व ५६ कथा एवढा प्रवास करून १९२७ साली थांबला. पडद्यावरचा होम्स प्रत्येक नटागणिक बदलत गेला. २०१० साली सुरू झालेल्या बीबीसीच्या मालिकेतील होम्स स्वतःला समाजविघातक मनोवृत्तीचा म्हणवून घेतो, आणि आजच्या विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा तोच असतो. कथांतला होम्स असे काही म्हणत नाही. इंग्रजीतून किंवा भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून आधी कथा वाचून मग मालिकेकडे वळलेल्या वाचकाला हा फरक लगेच खटकतो. कोण कोणत्या व्यक्तिमत्त्वप्रकाराचा (‘टाइप’चा) याची यादी करणारे या सगळ्यांची सरमिसळ करतात. दुसरे असे की प्रश्नावली भरायला होम्स काही आला नव्हता. ६० पैकी ५६ गोष्टी वॉटसन सांगतो, म्हणजे आपल्यासमोर असतो तो एका कौतुकाने भारलेल्या मित्राने रंगवलेला होम्स. माणसाने स्वतः दिलेली उत्तरे आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याने त्याच्याबद्दल दिलेली उत्तरे यांत किती अंतर पडते, हे तुमच्याच पत्रात दिसते: तुम्ही स्वतःला तर्कनिष्ठ म्हणता आणि मित्र तुम्हाला माणूसघाणे म्हणतात.

तरीही कथांच्या आधारे अक्षरे लावून पाहायला हरकत नाही, कारण ती लावताना काय घडते ते शिकण्यासारखे आहे. पहिल्या अक्षरावर फारसा वाद होत नाही. होम्सला समाजात मिसळण्याचा तिटकारा आहे असे वॉटसन स्पष्टच लिहितो. (रहस्याची उकल शेवटच्या क्षणी नाटकी थाटात करण्याची त्याची हौस मात्र अंतर्मुखतेच्या रूढ चित्रात बसत नाही.) दुसऱ्या अक्षरापाशी गाडी अडते. चाहते त्याला ‘एन’ देतात, कारण प्रतिभावंत म्हणजे शक्यतांच्या जगात रमणारा, असा सर्वसाधारण समज आहे. पण होम्स सुरुवात करतो ती कायम हाताला लागणाऱ्या वस्तूपासून. बाहीवरचा डाग, बुटाचा चिखल, टोपीच्या कडेवरची धूळ हे त्याचे भांडवल आहे. बेकर स्ट्रीटवरच्या आपल्या खोलीच्या जिन्याला १७ पायऱ्या आहेत हे त्याला माहीत असते, आणि शेकडो वेळा तो जिना चढलेल्या वॉटसनला माहीत नसते. तपशिलाची ही भूक पुस्तकी व्याख्येनुसार ‘एस’ची खूण आहे. त्याच वेळी त्या तपशिलांवरून न पाहिलेली घटना उभी करणे ही ‘एन’ची. दोन्ही एकाच माणसात, एकाच मिनिटात दिसतात, आणि अक्षर मात्र एकच निवडावे लागते.

चौथ्या अक्षराची गत तर आणखी मजेदार आहे. ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ या कथेच्या आरंभी वॉटसन होम्सच्या खोलीचे वर्णन करतो. सिगार कोळशाच्या डब्यात, तंबाखू इराणी सपातेच्या टोकात, उत्तरे न दिलेली पत्रे चाकूने शेकोटीवरच्या लाकडी फळीत खुपसलेली, आणि समोरच्या भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी कोरलेली राणीच्या नावाची आद्याक्षरे. एवढ्यावरून कोणीही त्याला ‘पी’ देऊन मोकळा होईल. पण त्याच परिच्छेदात वॉटसन असेही सांगतो की विचारांच्या पद्धतीत इतका नेटका आणि शिस्तीचा माणूस दुसरा नाही, आणि पोशाखाच्या बाबतीतही तो टापटीप असे. आयएनटीजे म्हणणारे दुसरा भाग उचलतात आणि आयएनटीपी म्हणणारे पहिला. वर्षानुवर्षे चाललेला हा वाद संपत नाही, कारण दोन्ही बाजूंचा पुरावा खरा आहे. डॉयल यांनी एका जिवंत वाटणाऱ्या माणसात विसंगती ठेवल्या. त्या विसंगतींमुळेच तो आपल्याला ओळखीचा वाटतो, आणि प्रकार ठरवताना आपण नेमक्या त्याच खोडून काढतो.

तिसऱ्या अक्षराबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मित्रांची तक्रार त्याच्याशी निगडित आहे. ‘द साइन ऑफ फोर’ या १८९० सालच्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वॉटसन होम्सची परीक्षा घ्यायचे ठरवतो आणि नुकतेच आपल्याकडे आलेले एक जुने घड्याळ त्याच्या हाती देतो. घड्याळ साफ करून आणलेले असल्याने बरेच पुरावे पुसले गेले आहेत, अशी कुरकुर होम्स आधी करतो. मग सांगू लागतो: घड्याळ वॉटसनच्या मोठ्या भावाचे होते, भाऊ अव्यवस्थित होता, हाती चांगली संधी असताना त्याने ती घालवली, मधूनमधून बरे दिवस पाहिले तरी बराच काळ गरिबीत काढला, आणि शेवटी दारूच्या आहारी जाऊन मेला. वॉटसन खुर्चीतून ताडकन उठतो आणि लंगडत खोलीत येरझाऱ्या घालू लागतो. होम्सने गुपचूप चौकशी करून ही माहिती मिळवली आणि आता जादूगाराचा आव आणतो आहे, असे त्याला वाटते आणि तो ते कडवटपणे बोलूनही दाखवतो.

आता पुढचे पाहा. होम्स लगेच माफी मागतो. समोरची गोष्ट निव्वळ कोडे म्हणून पाहताना ती आपल्या मित्राच्या किती जिव्हाळ्याची आणि वेदनेची असू शकते हे आपण विसरलो, असे तो म्हणतो, आणि त्यानंतरच निष्कर्षांची कारणे सांगतो. घड्याळावरचे पोचे म्हणजे ते नाणी आणि किल्ल्या यांच्यासोबत एकाच खिशात बेफिकिरीने ठेवल्याची खूण. झाकणाच्या आतल्या बाजूला गहाणदारांनी टोकाने कोरलेले चार आकडे म्हणजे ते चार वेळा गहाण पडल्याचा आणि तितक्याच वेळा सुटल्याचा पुरावा. किल्लीच्या छिद्राभोवतीचे असंख्य ओरखडे म्हणजे रात्री थरथरत्या हाताने किल्ली देणाऱ्या मद्यपीचे काम. सगळे बरोबर निघाले हे ऐकून तो उलट म्हणतो की हा नशिबाचाही भाग होता, कारण आपण फक्त शक्यतेचे पारडे कुठे झुकते तेवढेच सांगू शकत होतो.

या दोन पानांत होम्सची बुद्धी दिसते, तिची बोथट बाजू दिसते, आणि ती बाजू लक्षात आल्याबरोबर ती सावरण्याची तयारीही दिसते. मोबाइलवरच्या चाचणीने ‘टी’ अक्षराबरोबर तुमच्या पदरात घातले ते फक्त यातले मधले काहीतरी: खरे बोलताना समोरच्याला लागले तर तो त्याचा प्रश्न. तुम्ही लिहिले आहे की समोरच्याची चूक मी तोंडावर सांगतो. त्यानंतर काय करता, हे तुम्ही लिहिलेले नाही. होम्सशी तुलना करायची तर ती नेमकी या ‘त्यानंतर’पासून सुरू होते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ‘भावनाशून्य यंत्र’ ही होम्सची ख्याती वॉटसननेच पसरवली आहे आणि वॉटसननेच ती मोडीतही काढली आहे. ‘द थ्री गॅरिडेब्स’ या उत्तरकाळातील कथेत वॉटसनला मांडीत गोळी चाटून जाते. होम्स धावत येऊन त्याला धरतो, त्याचे ओठ थरथरतात, डोळे भरून येतात. त्या थंड मुखवट्यामागे केवढी निष्ठा आणि माया आहे हे कळण्यासाठी एक जखम सोसणे वसूल होते, असे वॉटसन लिहितो. आणि जी कथा होम्स स्वतः सांगतो त्या ‘द ब्लॅन्च्ड सोल्जर’मध्ये, वॉटसन लग्न करून निघून गेला हे आपल्या सहवासातले त्याचे एकमेव स्वार्थी कृत्य, अशी तक्रार करून तो एकटा पडल्याचे सांगतो. एवढे कबूल करणारा माणूस माणूसघाणा नसतो. त्याला माणसे कमी लागतात, पण जी लागतात ती फार लागतात. अंतर्मुख माणसांचे हे वर्णन मला चार अक्षरांपेक्षा अधिक उपयोगी वाटते.

आता कुवतीकडे परत येतो. होम्सचे निरीक्षण जन्मजात देणगी म्हणून दाखवण्याचा मोह कथांमध्येही अधूनमधून होतो, पण त्यामागच्या मेहनतीच्या नोंदी जागोजागी आहेत. सिगार, सिगारेट आणि पाइपच्या तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर त्याने पुस्तिका लिहिली आहे. पहिल्या कादंबरीत वॉटसन त्याच्या ज्ञानाची यादी करतो तेव्हा रसायनशास्त्र सखोल, भूगर्भशास्त्र मर्यादित पण व्यवहारोपयोगी, गुन्हेगारीविषयक साहित्य अफाट, आणि खगोलशास्त्र शून्य असे विचित्र गुणपत्रक तयार होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही त्याला ठाऊक नसते आणि कळल्यावर तो ते विसरण्याचा प्रयत्न करणार असतो. हे गुणपत्रक व्यक्तिमत्त्वाचे नाही. काय शिकायचे आणि काय सोडून द्यायचे याविषयी वर्षानुवर्षे घेतलेल्या निर्णयांचे ते आहे. होम्स ज्यांच्यावरून सुचला ते एडिंबरोचे शल्यचिकित्सक डॉ. जोसेफ बेल यांचे कौशल्यही रुग्णालयात रोज माणसे तपासून आलेले होते. समोर बसलेला रुग्ण कोणत्या पलटणीत होता आणि कुठे नेमणुकीवर होता, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वी ते सांगत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी असलेल्या डॉयल यांनी नोंदवली आहे.

याची दुसरी बाजू मायक्रॉफ्ट हा होम्सचा थोरला भाऊ दाखवतो. निरीक्षण आणि अनुमान यांत तो आपल्यापेक्षा वरचढ आहे हे होम्स स्वतः मान्य करतो, पण निष्कर्ष पडताळण्यासाठी खुर्चीतून उठण्याचे कष्ट तो घेत नाही म्हणून तो गुप्तहेर होऊ शकत नाही. टाइपच्या भाषेत दोघांना एकच खण मिळाला तरी आश्चर्य वाटू नये. मला समुपदेशनात मायक्रॉफ्ट पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले बरेच स्वतःला शेरलॉक समजत असतात.

होम्सच्या चुकांचे काय, हा प्रश्न टाइपचे चाहते सहसा विचारत नाहीत. ‘द यलो फेस’मध्ये त्याने मोठ्या आत्मविश्वासाने बांधलेली कथा साफ चुकीची निघते: ज्या घरात आपल्या अशिलाच्या बायकोचा पहिला नवरा लपला आहे आणि तिला धमकावतो आहे असे तो मानतो, तिथे तिची लहानगी मुलगी असते. परतल्यावर तो वॉटसनला सांगतो की मी कधी फाजील आत्मविश्वासाने वागू लागलो किंवा एखाद्या प्रकरणाला पुरेसे कष्ट दिले नाहीत असे वाटले, तर माझ्या कानात ‘नॉरबरी’ एवढेच कुजबुज. हे ज्या गावात ती फजिती झाली त्याचे नाव. ‘लोक मूर्ख आहेत’ हे वाक्य वसतिगृहाच्या खोलीत बोलणे सोपे आहे. आपल्याला आपली चूक आठवून देण्याचा हक्क एका मित्राला देणे अवघड आहे. तुमच्या खोलीतल्या तिघांपैकी असा हक्क तुम्ही कोणाला दिला आहे का, याचा विचार करा.

हे सगळे मी एवढ्या विस्ताराने लिहितो याचे कारण माझ्या कामातला एक जुना अनुभव आहे. प्रतिभावंत गुप्तहेराशी नाते सांगणाऱ्या तरुणांना बहुतेक वेळा त्याची बुद्धी जितकी हवी असते तितकीच त्याला मिळालेली सूटही हवी असते. होम्स तुटक बोलतो, चार दिवस तोंड उघडत नाही, घरभर पसारा करतो, अपरात्री व्हायोलिन वाजवतो, आणि तरीही लोक त्याच्या दारी येतात. एकलकोंड्या, हुशार आणि थोड्याशा दुखावलेल्या मुलाला हे चित्र फार दिलासा देते, आणि त्या दिलाशात मला काही गैर वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना ‘माझ्यासारखे कोणीतरी आहे’ असे प्रथम एखाद्या पुस्तकातच वाटलेले असते. अडचण होते ती ‘मी असाच आहे, कारण माझा प्रकारच असा आहे’ इथपर्यंत गाडी गेली की. तिथे चाचणीचा निकाल सबब बनतो.

योगायोगाने होम्सची पहिली कादंबरी खोली वाटून घेण्यापासूनच सुरू होते. भाडे एकट्याला परवडत नाही म्हणून तो जोडीदार शोधत असतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वॉटसनशी ओळख झाल्यावर तो स्वतःहून आपले दोष सांगतो: तंबाखू उग्र ओढतो, घरात रसायनांचे प्रयोग करतो, अधूनमधून उदास होतो आणि दिवसचे दिवस बोलत नाही, तेव्हा मी रागावलो आहे असे समजू नका, मला एकटे सोडा, मी लवकरच ठीक होईन. मग तो वॉटसनला त्याचे दोष विचारतो आणि आपले व्हायोलिन चालेल ना, याचीही चौकशी करतो. तुमच्या मित्रांसमोर तुम्ही ‘मी आयएनटीजे आहे’ असे म्हणाल तेव्हा त्यांच्या हाती काहीच लागणार नाही. ‘संध्याकाळी सात ते नऊ मला कोणाशी बोलणे जमत नाही, राग म्हणून घेऊ नका, आणि माझ्या कोणत्या गोष्टीचा तुम्हाला त्रास होतो ते सांगा’ असे म्हणालात तर लागेल.

तुम्हाला स्वतःविषयी अधिक भरवशाचे काही जाणून घ्यायचे असेल तर पंचघटकांवर आधारलेली चाचणी प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घ्या. संशोधनात आज मुख्यतः तीच चौकट वापरली जाते. नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता हे ते पाच घटक होत, आणि त्यांत माणसाला खणात न टाकता प्रत्येक पट्टीवर त्याची जागा दाखवली जाते. पाचव्या घटकाला चार अक्षरांत जागाच नाही, आणि तुमच्याशी बोलताना मी सर्वांत आधी त्याच्याकडे पाहीन. कामात बुडाल्यामुळे जेवण विसरणे आणि जेवावेसेच न वाटणे, एकांत आवडणे आणि लोकांना टाळावेसे वाटणे, यांत फरक असतो. होम्सचेही हाती काम नसलेले दिवस आठवा: तेव्हा तो सोफ्यावर पडून राहतो आणि कोकेनचे सात टक्क्यांचे द्रावण टोचून घेतो, आणि डॉक्टर असलेला वॉटसन त्याबद्दल त्याच्याशी भांडतो. तुमचे गप्प राहणे गेल्या काही महिन्यांत वाढले असेल, झोप बिघडली असेल किंवा आवडीच्या विषयातही मन लागत नसेल, तर टाइपचा विचार बाजूला ठेवून महाविद्यालयाच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा.

राहिला फॉरेन्सिकचा प्रश्न. क्षेत्र चांगले आहे आणि त्याची गरज वाढत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे, जरी ती पूर्णपणे अमलात आणायला राज्यांना मुदत दिलेली असली तरी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात आहे. डिजिटल पुराव्यांच्या कामासाठी अभियांत्रिकीची पदवी उपयोगाचीच ठरते, त्यामुळे दुसऱ्या वर्षात शाखा सोडण्याचे कारण मला दिसत नाही. पदवी पूर्ण करून पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे जाता येईल.

पण कामाचे स्वरूप नीट समजून घ्या. तिथे एकट्याने साऱ्या प्रकरणाची उकल करणारा कोणी नसतो. पंचनामा होतो, मुद्देमाल सीलबंद होतो, तो कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला याची नोंद होते, प्रयोगशाळेत एक जण रक्त पाहतो, दुसरा विष, तिसरा हस्ताक्षर, आणि मग न्यायालयात उलटतपासणीला सामोरे जाऊन आपल्या अहवालातला एकेक शब्द शांतपणे सांभाळावा लागतो. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ साली कोलकात्यात सुरू झाले, तेव्हा तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतीवर अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस कर्मचाऱ्यांनी केलेले काम हे कागदांच्या थप्प्या लावण्याचे, मोजण्याचे आणि पुन्हा मोजण्याचे होते. अशा कामात तुमचे मन रमते का, हे तपासण्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नाही. सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत किंवा सायबर सुरक्षेच्या कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम मिळवा, आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा कोणत्या नोंदी ठेवताना वेळ कसा गेला ते कळले नाही आणि कोणत्या ठेवताना घड्याळाकडे पाहत होता, तेवढे कळवा.